नकाशाचा समास परत द्या

माननीय महासर्वेक्षक,
भारतीय सर्वेक्षण विभाग, देहरादून यांस



यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पाणलोटाच्या कामाची ग्रामसभा होती. देवळाच्या ओट्यावर मी नकाशा पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. खाली उपग्रहानं टिपलेलं छायाचित्र, त्यावर निळ्या रेघांनी नाले आणि लाल खुणांनी नियोजित बंधारे. एक म्हातारे बाबा वाकून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी काठीचं टोक एका निळ्या रेघेवर टेकवलं आणि विचारलं, "काऊन गा, हा नाला माह्या घरातून कधी गेला?"

सभा हसली. मीही हसलो आणि मग खाली बघून गप्प झालो. नाला खरोखरच त्यांच्या छपरावरून वाहत होता. नाल्यांची फाइल एका कचेरीतून आली होती. ती जुन्या एव्हरेस्ट डेटमवरची, तर छायाचित्र डब्ल्यूजीएस-८४ वरचं. (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आकार आणि त्याची बैठक.) फाइल आणि छायाचित्र दोन्हींत अक्षांश-रेखांशच असल्यामुळे मला शंका आली नाही, आणि फाइल कोणत्या डेटमवरची आहे ते तिच्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. न विचारता धरून चाललो, ही चूक माझी. पण विचारायची वेळच यावी का, हा प्रश्न आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र.

एव्हरेस्टचा डेटम चुकीचा होता असं कुणी म्हणणार नाही. १८३० साली ठरलेला तो पृथ्वीचा आकार भारतीय उपखंडाच्या मापानं बेतलेला होता आणि त्याचा आरंभबिंदू मध्य भारतातल्या कल्याणपूरला होता. डब्ल्यूजीएस-८४ हा साऱ्या पृथ्वीला एकच लागू पडावा असा, उपग्रहांच्या काळातला. दोन्हींच्या विषुववृत्तीय त्रिज्येत साधारण ८६० मीटरांचा फरक आहे, आणि दोन्हींचे मध्यही एका जागी नाहीत. त्यामुळे तेच अक्षांश-रेखांश एकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवले, की आमच्या भागात जागा शे-दीडशे मीटर सरकते. मोजणीदाराच्या भाषेत सांगायचं, तर ३३ फुटी साखळीच्या जवळजवळ पंधरा साखळ्या. इथं एका साखळीच्या बांधावरून भावाभावांची तोंडं फिरतात.

याहून कितीतरी मोठ्या चुकाही होतात, पण त्या लगेच कळतात. यूटीएम प्रक्षेपणात महाराष्ट्राचे दोन तुकडे पडतात: ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. ही रेघ दारव्हा आणि यवतमाळ यांच्यामधून जाते. रेघेवरच्या एकाच विहिरीचा पूर्वांक, म्हणजे पूर्वेकडचं अंतर, ४३ व्या पट्ट्यात सुमारे ८ लाख १३ हजार मीटर येतो, ४४ व्या पट्ट्यात सुमारे १ लाख ८७ हजार. पट्टा न सांगता आलेली ४४ ची फाइल मी एकदा ४३ समजून उघडली, तर गाव दीव आणि दमण यांच्यामध्ये अरबी समुद्रात जाऊन पडलं. अक्षांश आणि रेखांश यांच्या क्रमाची गडबडही अशीच. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, जिओजेसन फाइल रेखांश आधी मागते. क्रम उलटला, की उन्हाळ्यात भाजून निघणारं यवतमाळ थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळ, थंडगार पाण्यात.

समुद्रात पडलेलं गाव कुणालाही दिसतं. दीडशे मीटर सरकलेला नाला मात्र संगणकाच्या पडद्यावर अगदी खरा वाटतो. तो पकडायला काठी टेकणारे बाबा लागतात, आणि प्रत्येक सभेला ते असतीलच असं नाही.

क्षेत्रफळाचंही तसंच. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात काढलेले असतात. त्या सपाट केलेल्या चित्रावरच्या लांबी-रुंदीवरून क्षेत्रफळ काढलं, तर यवतमाळच्या अक्षांशावर ४० गुंठ्यांचा एकर ४५ गुंठ्यांच्या वर जातो. आकडा दशांशासकट येतो, म्हणून माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

महोदय, आपल्या खात्याला हे मी सांगावं, हे खरं तर उलटंच. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी पायारेषा मोजली, तेव्हा उष्णतेनं पोलादी साखळी किती वाढते याचाही हिशेब ठेवला होता. मोजमाप आणि ते कसं केलं याची नोंद, दोन्ही बरोबर चालायची. आपली जुनी टोपोशीट आजही उघडली, की चित्राइतकाच तिचा समास बोलतो: पत्रक क्रमांक, प्रमाण, मोजणीचं वर्ष, चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळली आहे, शेजारी कोणतं पत्रक लागतं. दारव्हा ५५ एचमध्ये, यवतमाळ ५५ एलमध्ये. ही दोन पत्रकंही त्याच ७८ अंशांच्या रेघेवर मिळतात, पण कागदावर ती जोडताना गाव कधी समुद्रात गेलं नाही.

फायलीच्या जमान्यात हा समास गळून पडला. सगळीकडे चालणारी शेपफाइल नावाला एक, प्रत्यक्षात अनेक फायलींचं गाठोडं. एसएचपीत आकृती, एसएचएक्समध्ये अनुक्रम, डीबीएफमध्ये तक्ता आणि पीआरजेमध्ये डेटम-प्रक्षेपणाची माहिती. शेवटची ही फाइल काही ओळींची, पण तीच मागे राहते, कारण तिच्यावाचूनही नकाशा उघडतो. शिवाय तक्त्यातल्या रकान्याच्या नावाला जागा फक्त दहा बाइटची. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे 'गाव' कसंबसं मावतं आणि 'तालुका' मावत नाही. मग कुणी टीएलके लिहितं, कुणी टीएएल, आणि दोन कचेऱ्यांचे तक्ते एकमेकांना ओळख देत नाहीत.

नकाशांचं दार आपणच उघडलंत, याची जाणीव आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं नागरिकांसाठी डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवरची खुली मालिका आणली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी परवानग्यांचा जाच कमी केला आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आलं. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांवर आपले ड्रोन उडत आहेत. उद्या त्या गावठाणाचा नेमका नकाशा आणि शेजारचा साखळीनं मोजलेला जुना गट नकाशा एकमेकांवर ठेवले जातील. तेव्हा कोणता कशावर बेतला आहे हे लिहिलेलं नसेल, तर वाद कोर्टात जाईल आणि दोन्ही पक्षांच्या हातात शिक्क्याचा नकाशा असेल.

म्हणून तीन मागण्या.

पहिली: आपल्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फायलीत डेटम, प्रक्षेपण, पट्टा, मोजणीचं वर्ष आणि अचूकता आतच लिहिलेली असावी. त्यासाठी जिओपॅकेज हा खुला प्रकार २०१४ पासून आहे. सगळा ऐवज एकाच फायलीत राहतो, देवनागरी नावं मावतात आणि क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो उघडतो. शेपफाइल हवी असेल त्याला तीही द्या, पण गाठोडं पुरं बांधून.

दुसरी: एव्हरेस्टवरून डब्ल्यूजीएस-८४ वर यायची अधिकृत सूत्रं, कोणत्या भागात किती मीटरपर्यंत खरी ठरतात ते सांगून, एकाच जागी आणि भारतीय भाषांतल्या खुलाशासह ठेवा. आज सॉफ्टवेअर पाच-सहा पर्याय पुढे करतं आणि निवड तालुक्याच्या गावी बसलेल्या ऑपरेटरवर सोडतं.

तिसरी: राज्यांची भूमी अभिलेख, जलसंधारण आणि वन खाती यांच्यासाठी हाच किमान नमुना ठरवून द्या. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात: कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी. दहा घरची भांडी एका पंगतीत मिसळली, तरी आपापल्या घरी परत जातात. फायलींवर एवढंच नाव घाला.

त्या दिवशी बाबांनी सांगितलं तसा नाला मी पेननं नकाशावर काढला, मग त्यांच्यासोबत काठाकाठानं चालून जीपीएसवर तपासला. बंधाऱ्यांच्या खुणाही हलवल्या. तो नकाशा अजून माझ्याकडे आहे. त्याच्या कोऱ्या कडेला मी हातानं लिहून ठेवलंय: नाले एव्हरेस्ट, चित्र डब्ल्यूजीएस-८४, दुरुस्ती बाबांची. यातली पहिली नोंद फायलीसोबतच आली असती, तर ग्रामसभेला हसायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

आपला नम्र,
पाणलोटाचे नकाशे करणारा एक कार्यकर्ता,
यवतमाळ जिल्हा