'मेटा' म्हणजे पलीकडचं की मेलेली? एका नावाचे भाषेगणिक अर्थ

२८ ऑक्टोबर २०२१ ला मार्क झुकरबर्गने फेसबुक कंपनीचं नाव बदलून 'मेटा' केलं. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'पलीकडे', असंही त्याने सांगितलं. लगेच इस्रायलमध्ये हसाहशी सुरू झाली, कारण हिब्रूत 'मेता' म्हणजे 'मेली' किंवा 'मेलेली'. 'फेसबुक डेड' हा हॅशटॅग फिरायला लागला. अपघातस्थळी मृतदेह गोळा करणाऱ्या 'झाका' या तिथल्या स्वयंसेवी संस्थेनेही ट्विट करून टाकलं: काळजी नको, आम्ही बघतो.

हा हिब्रू शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात येणारा 'मयत' हा अरबीतून मराठीत आला. हिब्रू आणि अरबी एकाच सेमिटिक कुळातल्या, त्यामुळे 'मेता', 'मयत' आणि 'मौत' यांचा धातू एकच. ग्रीक 'मेटा'शी त्याचा काडीचाही संबंध नाही.

ग्रीकमध्येही 'पलीकडे' हा अर्थ तितकासा सरळ नाही. रोजच्या वापरात तो 'नंतर' असा आहे. ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'चं नावच मुळात 'फिजिक्सनंतरची पुस्तकं' असं पडलं, गूढ अर्थ मागाहून चिकटला. लॅटिन 'मेटा' आणखी वेगळा: रथांच्या शर्यतीत जिथे वळायचं तो शंकूसारखा खांब. त्यावरून स्पॅनिशमध्ये 'मेटा' म्हणजे शर्यतीची शेवटची रेषा किंवा ध्येय, आणि फुटबॉलचा गोलकीपर झाला 'गुआर्दामेता'. स्वीडिशमध्ये मात्र 'मेटा' म्हणजे गळ टाकून मासे धरणं. आणि मराठी माणसाला मेटा म्हटलं की मेटाकुटीला येणंच आठवणार.

इथवर सगळी गंमत. पण हीच कंपनी जेव्हा लोकांच्या शब्दांचा अर्थ ठरवते, तेव्हा हसू येत नाही.

उदाहरण 'शहीद'चं. अरबीत याचा मूळ अर्थ 'साक्षीदार'. (इंग्रजी 'मार्टर'चा ग्रीक मूळ शब्दही साक्षीदारच, हा योगायोग भारी आहे.) आपण भगतसिंगांना शहीद म्हणतो, सीमेवर गेलेल्या जवानाला म्हणतो. ढाक्यातला शहीद मिनार तर १९५२ मध्ये बंगाली भाषेसाठी जीव दिलेल्यांचा. अरबीत अपघातात किंवा बॉम्बहल्ल्यात गेलेल्या सामान्य माणसालाही शहीद म्हणतात. मेटाच्या नियमात मात्र एकच अर्थ होता. कंपनीने 'धोकादायक' ठरवलेल्या व्यक्तीसाठी हा शब्द वापरला, की ते तिचं कौतुक समजायचं आणि पोस्ट काढायची. मग ती बातमी असो, टीका असो की तटस्थ चर्चा. कंपनीच्याच म्हणण्यानुसार, इतर कुठल्याही एका शब्दापेक्षा या शब्दामुळे जास्त पोस्ट हटवल्या गेल्या असाव्यात.

मार्च २०२४ मध्ये कंपनीच्याच ओव्हरसाइट बोर्डाने ही सरसकट बंदी उठवायला सांगितलं. शब्दाला अनेक अर्थ आहेत आणि या बंदीचा फटका अरबी बोलणाऱ्यांना व मुस्लीम समाजाला जास्त बसतो, असं बोर्डाचं म्हणणं. जुलै २०२४ मध्ये मेटाने ते मान्य केलं. आता सोबत शस्त्राचं चित्र, शस्त्र वापरण्याची भाषा किंवा कंपनीच्या यादीतल्या हल्ल्याचा उल्लेख असेल, किंवा दुसरा एखादा नियम मोडला असेल, तरच अशी पोस्ट काढली जाते.