वाचन स्वतःचे असावे

इतिहासाच्या शिक्षकाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेविषयी लिहावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. तरीही लिहितो. तारेचा विद्युत रोध मोजण्याचा प्रयोग अनेक शाळांत प्रयोगवहीतच पार पडतो. गतवर्षीच्या वहीतील वाचने उतरवली जातात. आलेखावरील सरळ रेषा आधी आखून बिंदू मागाहून तिच्यावर बसवले जातात. गुण मात्र पूर्ण मिळतात.

कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या रहिवाशांना सांगितले की, ग्रंथात आहे वा गुरू सांगतात, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. सकाळी वंदनेनंतर हे समजावायचे आणि दुपारी दुसऱ्याची वाचने उतरवू द्यायची, यांचा मेळ कसा बसावा?

जॉर्ज सायमन ओहम हा कुलपे बनवणाऱ्याचा मुलगा, कोलोनमधील शाळाशिक्षक. विद्युतघटाचा प्रवाह स्थिर राहीना, तेव्हा त्याने तांबे-बिस्मथचे तापयुग्म वापरून निरनिराळ्या लांबीच्या तारा स्वतः तपासल्या. त्याचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. आमच्या मुलांनी उपकरण हाताळणे ही म्हणूनच किरकोळ बाब नव्हे. एक मीटर लांब, अर्धा मिलिमीटर व्यासाच्या निक्रोमच्या तारेचा रोध सुमारे ५.६ ओहम भरतो. जोडणी सैल असल्यास अधिक. एखाद्या मुलीला ६.१ आले, तर तो आकडा खोडायला लावू नये. जोडणी पुन्हा तपासायला सांगावी. माजी विद्यार्थ्यांना देणगी म्हटले की प्रथम कमान आठवते. त्यांनी यंदा ॲमीटर आणि व्होल्टमीटर द्यावेत, दर दोघांमागे एक संच पुरेल इतके.