आपली मासळी स्वच्छ आहे, हे सांगायला आपल्याकडे कागद आहे का?



आज डिझेलचा परतावा किंवा बर्फाचा भाव नाही, थोडा वेगळा विषय मांडतोय. लेख लांब आहे, पण पूर्ण वाचा. आपल्या पोटाशीच त्याचा संबंध आहे.

सुरतेपासून साधारण ८० किलोमीटरवर, व्याराजवळ काकरापारचं अणुवीज केंद्र आहे. तिथे आता चार अणुभट्ट्या आहेत. १९९० च्या दशकातल्या दोन भट्ट्या प्रत्येकी २२० मेगावॉटच्या आहेत, आणि नव्या दोन प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या. चौथी मार्च २०२४ पासून व्यापारी तत्त्वावर चालू झाली. वर उकाई धरण, मध्ये काकरापारचा बंधारा, खाली सुरत, मग मगदल्ला, डुमस, हजिरा आणि खाडीचं तोंड. सगळं एकाच तापीवर. वर सोडलेलं पाणी खाली कसं येतं हे ऑगस्ट २००६ च्या पुरात आपण घराच्या माळ्यावर बसून पाहिलंय.

अणुवीज चांगली की वाईट, या वादात आम्ही पडत नाही. आपल्या बर्फाच्या कारखान्यालाही वीज लागते. आमचा प्रश्न एवढाच आहे: उद्या तिथे काही झालं, किंवा काही झाल्याची नुसती आवई उठली, तर आपलं मावरं स्वच्छ आहे हे आपण कशाच्या जोरावर सांगणार?

काकरापारला काय झालं होतं

११ मार्च २०१६ रोजी सकाळी पहिल्या भट्टीत गळती झाली. इंधन थंड ठेवणारं जड पाणी एका नळीतून बाहेर आलं. भट्टी आपोआप बंद झाली आणि केंद्रापुरती आणीबाणी जाहीर झाली. किरणोत्सर्ग मर्यादेबाहेर गेला नाही असं अणुऊर्जा नियामक मंडळाने सांगितलं आणि आंतरराष्ट्रीय मापावर घटनेला सर्वांत खालची, म्हणजे पहिली पायरी दिली. पुढे त्या भट्टीतल्या सगळ्या नळ्या बदलल्या आणि २०१९ मध्ये ती परत सुरू झाली. त्याआधी जून १९९४ च्या अतिवृष्टीत मोतीचेर तलावाचं पाणी चढून केंद्राच्या टर्बाइन इमारतीत शिरलं होतं. तेव्हा भट्टी बंद होती.

दोन्ही वेळा मोठं संकट टळलं, हे मान्य करायलाच पाहिजे. पण "मर्यादेच्या आत" हे एक वाक्य धक्क्यावर चालत नाही. व्यापारी विचारतो, बोंबलात किती? कोळंबीत किती? त्याला आकडा लागतो.

पिकात आणि मासळीत हे येतं कसं

मोठ्या अणु-अपघातात तीन पदार्थांची नावं मुख्य असतात. आयोडीन-१३१ गवतावर पडतं, गाय-म्हैस ते खाते आणि थोड्या दिवसांत ते दुधात उतरतं. त्याचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, म्हणून ते लवकर संपतं. सिझियम-१३७ चा जोर निम्मा व्हायला मात्र ३० वर्षं लागतात. झाडाला आणि जनावराला ते पोटॅशियमसारखं वाटतं, त्यामुळे ते भातात, भाजीत आणि माशाच्या मांसात शिरतं. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं वागतं, ते हाडात बसतं. काकरापारसारख्या जड पाण्याच्या भट्टीत आणखी एक असतं, ट्रिशियम. ते पाण्याचाच भाग होऊन जातं, त्यामुळे गाळून काढता येत नाही. मात्र त्याचा किरण दुबळा असतो.

आता मच्छीमाराने लक्षात ठेवायची गोष्ट. गोड्या पाण्यातला मासा सिझियम जास्त धरून ठेवतो, कारण त्या पाण्यात क्षार कमी असतात आणि मिळेल ते तो साठवतो. समुद्रातला मासा खारं पाणी पितो आणि क्षार बाहेर टाकत राहतो, म्हणून तो लवकर मोकळा होतो. समुद्रातही तळाला राहणाऱ्या माशाला जास्त वेळ लागतो, कारण गाळात सिझियम चिकटून बसतं. म्हणजे तापीतल्या रोहू-कटल्याचा हिशोब वेगळा, खाडीच्या गाळातल्या निवटीचा वेगळा आणि बाहेर खोल पाण्यातल्या घोळीचा वेगळा. सगळ्यांना एकच शिक्का मारणं चूक आहे. पण मोजलेलं नसेल तर बाजार एकच शिक्का मारणार.

शेतकरी भावांचंही तेच आहे. काकरापारच्या कालव्यांवर सुरत-नवसारीचा ऊस आणि भात उभा आहे. त्यांचा आणि आपला प्रश्न एकाच पाण्याचा आहे.

मुंबईचं लोणी

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला. तो ढग युरोपभर फिरला. नंतर आयर्लंडहून आलेलं लोणी मुंबईत पोचलं. या लोण्यात चेर्नोबिलचा किरणोत्सर्ग आहे, ते लोकांना देऊ नका, म्हणून डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर काही जण कोर्टात गेले. उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोर्टाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. ठरवलेल्या मर्यादेच्या आतलं लोणी खायला हरकत नाही असं समितीने सांगितलं आणि १९८८ मध्ये निकाल लागला.

निकाल लोण्याच्या बाजूने गेला, पण त्यासाठी काय करावं लागलं बघा. कोर्ट, तज्ज्ञ, समिती, महिने. गोदामातलं लोणी तोवर थांबू शकतं. आपला बोंबील संध्याकाळपर्यंत तरी थांबतो का?

जपानच्या मच्छीमारांनी काय केलं

११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाचं अणुकेंद्र फुटलं. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरची मासेमारी पूर्ण बंद झाली. जून २०१२ मध्ये चाचणी म्हणून थोडी सुरू केली, तीही ऑक्टोपस आणि शंखापासून, कारण त्यात किरणोत्सर्ग सापडत नव्हता. मग एकेक जात मोजत मोजत यादी वाढवली. ही "चाचणी" मार्च २०२१ पर्यंत चालली. जवळजवळ नऊ वर्षं! त्यानंतरही २०२२ मध्ये त्यांची मासळी अपघाताच्या आधीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच होती.

जपान सरकारने एप्रिल २०१२ पासून मर्यादा ठरवली किलोला १०० बेकेरेल. जगात सर्वसाधारण सल्ला १,००० चा आहे, म्हणजे जपानची मर्यादा त्याहून दहापट कडक. फुकुशिमाच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी त्यावर स्वतःची मर्यादा लावली, ५० ची. सरकारच्याही निम्मी. मासळी धक्क्यावर आली की संस्थेची माणसं मोजणार, ५० च्या वर गेली तर ती जात विकायची नाही. कोणी जबरदस्ती केली नव्हती. गिऱ्हाईक सरकारच्या शब्दावर परत येत नाही, आपल्या मोजणीवर येतं, हे त्यांना कळलं होतं.

तिथल्या भातशेतकऱ्यांनीही तेच केलं. २०१२ पासून फुकुशिमातलं तांदळाचं एकूण एक पोतं मशीनखालून गेलं, वर्षाला साधारण एक कोटी पोती. प्रत्येक पोत्यावर तपासल्याचं लेबल. शेतात पोटॅश टाकून सिझियम पिकात जाणं कमी केलं. २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेवर गेलं नाही.

एवढं करूनही भीती संपली नाही. मे २०२३ मध्ये अणुकेंद्राच्या स्वतःच्या बंदरात पकडलेल्या एका माशात किलोला १८,००० बेकेरेल निघाले. तो विक्रीचा मासा नव्हता, पण बातमी जगभर गेली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली आणि चीनने सगळ्या जपानची मासळी बंद केली. होक्काइदोचे शिंपलेवाले फुकुशिमापासून कितीतरी लांब, त्यांचा मालही अडकला.

हे आपल्याला लावून बघा. काकरापारला काही झालं तर परदेशातला गिऱ्हाईक तापीची मासळी आणि वेरावळची मासळी वेगळी करत बसणार नाही. तो म्हणेल "गुजरातचा माल". उंबरगावपासून पोरबंदरपर्यंत सगळ्यांचे बोटीचे हप्ते थांबतील.

सुरतेला आवईची किंमत माहीत आहे

सप्टेंबर १९९४ चा प्लेग आठवा. चार दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून गेली. डॉक्टरांचे अहवाल नंतर आले, माणसं आधी पळाली. काही देशांनी भारतातून येणारी विमानं आणि खाण्याचा मालही थांबवला. ज्या गावचा रोगाशी संबंध नव्हता, तिथल्या मालालाही फटका बसला.

तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं. आज एक खोटा व्हिडिओ दहा मिनिटांत अख्ख्या बाजाराला पोचतो.

नुकसानभरपाईचं काय

२०१० मध्ये संसदेने केलेल्या अणुनुकसान दायित्व कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांपर्यंत ठरवली होती. पर्यावरणाचं मोठं नुकसान झालं आणि त्यावर पोट असणाऱ्यांचं उत्पन्न बुडालं, तर तेही नुकसानीत धरण्याची तरतूद होती. पण मासळी स्वच्छ निघाली आणि तरी कोणी उचलली नाही, तर? आवईने बुडालेल्या धंद्याचं स्पष्ट नाव त्यात नव्हतं. जपानने या नुकसानीला नाव दिलं, भरपाईत धरलं आणि मच्छीमारांसाठी एकूण ८,००० कोटी येनचे निधी उभे केले. आपल्याकडे कायदा कुठलाही असो, जुना की नवा, ही गोष्ट त्यात लिहून हवी.

आणि भरपाई मागायला आपल्याकडे तरी काय असतं? दलालाच्या वहीतला एक आकडा. पाटीवर विकणाऱ्या बाईकडे तेवढाही नाही. रोज किती माल आला, किती भावाने गेला याचा पुरावा नसेल तर बुडालं किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आमचं मत

प्रत्येक अणुकेंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते. ती आजूबाजूचं पाणी, माती, दूध, भाजी आणि मासळी तपासते. म्हणजे मोजणी होते. हवं आहे ते असं:

१. मासळीचे आकडे जातवार आणि जागावार, गुजराती आणि मराठीत, दर तीन महिन्यांनी धक्क्यावर लागले पाहिजेत. उकाई, काकरापारच्या खालची तापी आणि डुमस-हजिऱ्याचं तोंड, तिन्ही ठिकाणचे.

२. नमुने घेताना मच्छीमार संस्थांचा एक माणूस हजर हवा. आपल्या जाळ्यातलं मावरं आपल्यासमोर सील व्हावं. आपण डोळ्याने बघितलं तरच आपण गिऱ्हाइकाला छातीठोक सांगू.

३. आणीबाणी झाली तर समुद्रातल्या बोटींना कोण कळवणार, कुठल्या धक्क्यावर माल उतरवायचा आणि तिथे कोण तपासणार, हे आजच लिहून ठेवावं.

४. स्वच्छ माल आवईमुळे पडून राहिला तरी भरपाई मिळावी.

यात सर्वांत महत्त्वाचं आहे ते आज मोजणं, सगळं ठीक असताना. सिझियम थोडं तर सगळीकडेच सापडतं. जुन्या अणुचाचण्यांचं उरलेलं अजून मातीत आणि पाण्यात आहे. आजचा आकडा हातात नसेल, तर उद्या सापडलेलं थोडंसं आधीचं की नवीन, हे कोण सांगणार? दहा वर्षांचे स्वच्छ आकडे असतील तर आवई उठल्यावर पहिल्याच दिवशी ते दाखवता येतील. अपघातानंतर सुरू केलेल्या मोजणीवर कोणी विश्वास ठेवत नाही. केंद्रालाही यात फायदाच आहे. तिथून काही बाहेर येत नसेल, तर आपल्याइतका चांगला साक्षीदार त्यांना दुसरा मिळणार नाही.

काही जण म्हणतील, कशाला हा विषय काढता, उगाच लोक घाबरतील आणि भाव पडेल. आम्हाला हे पटत नाही. जपानने दाखवलंय, लोक आकड्याने घाबरत नाहीत, आकडा नसला की घाबरतात.

आपल्या हातातलं काम आपण आजपासून करू. प्रत्येक बोटीने रोजची वही ठेवावी: तारीख, जागा, जात, वजन, भाव. लिलावाची पावती फाडून टाकू नये. पाटीवाल्या ताईंच्या रोजच्या मालाची नोंद संस्थेच्या ऑफिसात करता येईल का, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही मांडणार आहोत. वरच्या चार मागण्यांचं निवेदनही तिथेच वाचून दाखवू. मत्स्यव्यवसाय खातं, जिल्हाधिकारी आणि अणुऊर्जा नियामक मंडळ, तिघांना ते द्यायचं आहे. उकाईच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्या आदिवासी भावांच्या संस्था आणि कालव्यावरचे शेतकरी यांनाही सोबत घेऊ. सभेला बोटमालकांनी तर यावंच, पण घरातल्या बायकांनाही घेऊन या. बाजारात गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला तोंड त्यांनाच द्यावं लागतं.