लेकरू कोणाचं, हा प्रश्नच चुकीचा आहे



आपल्या किन्हीराजात काय अन् आजूबाजूच्या गावांत काय, फारकतीचा विषय निघाला की पारावर निकाल आधीच लागलेला असतो. "पोरगा बापाचा, पोरगी आईची." नाहीतर, "पाच वर्षं आईकडे, मग बाप घेऊन जाणारच." दोन्ही समज चूक आहेत. या समजापायीच लोक लेकरं रातोरात उचलून नेतात, मामाकडे-आत्याकडे लपवून ठेवतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

हिंदू, बौद्ध, जैन, शीख या सगळ्यांना १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू आहे. त्यात म्हटलंय की पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईजवळ राहील. पण पाच पूर्ण झाली की ते आपोआप बापाकडे जाईल, असं कुठंच लिहिलेलं नाही. कलम १३ सांगतं की सगळ्यात वर लेकराचं हित. इतर धर्मीयांच्या प्रकरणांत १८९० चा पालक व पाल्य कायदा लागतो, तिथंही कोर्ट हेच पाहतं. हे काही आजचं नाही. मुंबई हायकोर्टानं १९४१ मध्येच म्हटलं होतं की बापाचं नाही, आईचंही नाही, फक्त मुलाचं हित बघायचं.

हित म्हणजे काय? वय किती, आजवर सांभाळलं कोणी, शाळा कुठं, घरात दारू-मारहाण आहे का, भावंडं एकत्र राहतील का. मूल समजतं असेल तर जज त्याला आपल्या चेंबरमध्ये बोलावून विचारतात. पैसा हा त्यातला फक्त एक मुद्दा. आईला पगार नाही म्हणून लेकरू मिळत नाही, असं नाही. ते आईकडे राहिलं तरी बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही. आणि बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं की काम झालं, असं समजणाऱ्यांसाठी सांगतो : २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं स्पष्ट म्हटलं की चांगली बायको नाही म्हणजे चांगली आई नाही, असा अर्थ होत नाही.

कायदा इतका सरळ आहे, मग घोडं अडतं कुठं? अडतं ते वेळेत.

केस वर्षानुवर्षं चालते. तारखेवर तारीख पडते. तोवर लेकरू ज्याच्या घरी आहे तिथं रुळतं, तिथल्या शाळेत जातं, दुसऱ्या पालकाला विसरतं. मग कोर्टही म्हणतं, बसलेली घडी आता कशाला मोडायची? म्हणजे ज्याच्या हाती ससा तो पारधी. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं असंच प्रकरण आलं होतं. पावणेदोन वर्षांची असल्यापासून बापाकडे असलेली मुलगी आठ वर्षांची झाली, तिला आईकडे जायचंच नव्हतं. कोर्टानं ओळखलं की आईसोबत राहायची संधीच मिळाली नाही, तर ती आईला निवडणार कशी? ताबा आईला दिला. पण मधली सहा वर्षं कोण भरून देणार?

माझं मत स्पष्ट आहे. हिंदू विवाह कायद्यात मुलांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा, असं लिहिलंय. तशीच मुदत तात्पुरत्या ताब्याला आणि भेटीला पाहिजे. निकाल लागायचा तेव्हा लागो, भेट पहिल्या तारखेपासून सुरू झाली पाहिजे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की ज्याच्याकडे मूल नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं तरी त्याच्याशी बोलता यावं. बाप पुण्याला कंपनीत असो की आई माहेरी, व्हिडिओ कॉलला एसटीचं भाडं लागत नाही.

अन् आपलंही काही काम आहे. बैठकीत बसणाऱ्या मोठ्या माणसांनो, बॉन्डवर "लेकरावर हक्क सोडला" असं लिहून घेऊ नका. लेकराच्या हिताआड येणारा कागद कोर्टावर बंधनकारक नसतो. आजी-आजोबांनो, आत्या-मामांनो, "तुझा बाप तसला, तुझी आई तसली" हे पोराच्या कानात भरू नका. कोर्टात त्याचा फायदा होईल न होईल, पण ते लेकरू आयुष्यभर अर्धं राहतं.

ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी लेकरू उचलून आणण्याआधी अर्ज करा. अर्ज लेकरू जिथं राहतं तिथल्या कोर्टात होतो, आपल्याकडे म्हणजे वाशिम जिल्ह्यातच. बायांना आणि मुलांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. आणि आदेश एकदा झाला म्हणजे कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. त्यामुळं यात कोणी जिंकलं, कोणी हरलं असं नसतं.

पटलं नाही तर कमेंटमध्ये जरूर मांडा. फक्त कोणाच्या घरातलं भांडण नावानिशी इथं आणू नका. त्या घरातलं लेकरूही उद्या मोबाईल वापरणार आहे.