घोडा मागून बघायचा

गेल्या रविवारी पुण्याच्या रेसकोर्सवर चौथ्या रेसच्या आधी पॅडॉकच्या कुंपणाला टेकून आम्ही नऊ जण उभे होतो. मी मोजले. पाऊस नुकताच उघडला होता, कुंपणावरून पाणी ओघळत होतं आणि आत आठ घोडे एकामागे एक गोल फिरत होते, प्रत्येकाच्या तोंडाशी त्याचा मोतद्दार. वर स्टँडमध्ये माणसं होती, पण बहुतेकांची पाठ घोड्यांकडे. कुणी पडद्यावर दुसऱ्या गावची रेस बघत होतं, कुणी मोबाइलवर भाव. रेसला आलेल्या माणसाने घोड्याकडे पाठ करून उभं राहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला घोडा बघायला मामाने शिकवलं. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्याने मला पहिल्यांदा रेसला नेलं, तेव्हा आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मुलीच्या जातीला रेसला न्यायचं म्हणजे काय! त्याने मात्र तिकिटं काढली आणि मला सरळ पॅडॉकपाशी उभं केलं. मी घोड्यांची तोंडं बघत होते. टपोरे डोळे, कपाळावरचा पांढरा टिळा. "तोंड सगळेच बघतात," तो म्हणाला. "तू मागून बघ. घोडा पळतो तो पुठ्ठ्याच्या जोरावर."

मग त्याने ओल्या वाटेवरचे खुरांचे ठसे दाखवले. पुढच्या पायाचा ठसा उमटतो, त्याच्या मागे पडतो का त्याच बाजूचा मागचा पाय, की त्याला ओलांडून पुढे? चार बोटं पुढे पडला तर चाल मोकळी आहे, पाठ आखडलेली नाही. मांड्यांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस दिसला तर घोडा आतून घाबरलाय, रेस सुरू व्हायच्या आधीच निम्मी ताकद घालवून बसलाय. अंगाला तुकतुकी हवी, पण पाण्याने आलेली नको. शेवटच्या दोन बरगड्यांची पुसट सावली दिसली तर ती चांगलीच खूण, घोडा तयार आहे. आणि मोतद्दाराचा हात बघायचा. दोर सैल धरलाय, म्हणजे दोघांचं बरं चाललंय. हे सगळं मामाने मला दहा मिनिटांत सांगितलं, आणि ती दहा मिनिटं मला आयुष्यभर पुरली आहेत.

त्याच्या तोंडी घोड्यांच्या रंगांची नावं आपली होती. रेसच्या पुस्तकात बे, चेस्टनट, ग्रे असं छापलेलं असतं. मामा म्हणायचा, तो कुमैत, हा सब्जा. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला दिसला की पंचकल्याणी. शेकडो वर्षं ज्या प्रदेशाने घोड्याच्या पाठीवर राज्य केलं, त्याच्या भाषेत पागा, तोबरा, खरारा, रिकीब हे शब्द उगाच आलेले नाहीत. आज ते ऐकायचे तर सारंगखेड्याच्या बाजारात जावं लागतं, नाहीतर रेसच्या तबेल्यात. खरारा हा शब्द मी शेवटचा ऐकला तो तिथेच, पहाटे साडेपाचला.

पुण्याचा मोसम पावसाळ्यातला, जुलै ते ऑक्टोबर. मग घोडे मुंबईला जातात आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत महालक्ष्मी. त्यामुळे माझ्यासारख्या पुणेकराच्या मनात रेस म्हणजे ओलं हिरवं गवत, छत्र्या आणि जॉकीच्या चष्म्यावर उडालेला चिखल. महालक्ष्मीला जाते ती फेब्रुवारीत, डर्बीला. २४०० मीटर, घोडे सगळे चार वर्षांचे. थरोब्रेडचा वाढदिवस आपल्याकडे एक जानेवारीला धरतात, म्हणजे ही मंडळी महिन्याभरापूर्वीच चारची झालेली असतात. नर घोड्याच्या पाठीवर ५७ किलो, घोडीच्या ५५.५. त्या दीड किलोवरून मामाने मला एकदा मुंबईहून परत येताना अख्ख्या प्रवासात एक गोष्ट सांगितली होती.

पहिली डर्बी १९४३ सालची. ती घोडीने जिंकली. नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल, मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड, वर जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. दोनच वर्षांनी त्याच महाराजांनी इंग्लंडात लिलावात २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं. एका शिंगराला इतकी किंमत त्याआधी कुणी दिली नव्हती. त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. १९४७ साली या सयाजीरावाने आयर्लंडची डर्बी जिंकली आणि इंग्लंडची सेंट लेजरही. ज्या वर्षी इथून इंग्रज गेला, त्याच वर्षी त्यांच्याच मैदानात हजारो गोरी माणसं सयाजीराव, सयाजीराव म्हणून ओरडत असतील, हे सांगताना मामाचा आवाज चढायचा. मलाही ते लिहिताना आत्ता तसंच होतंय.

राजेरजवाड्यांचा खेळ म्हणून याची ओळख करून देतात तेव्हा मला थांबवावंसं वाटतं. मालक राजे होते, खरं. पण वर बसलेली माणसं? पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे. ही नावं मामाच्या पिढीतल्या रेसवाल्यांना क्रिकेटपटूंसारखी पाठ होती. नंतर पेसी श्रॉफ आले, त्यांनी जॉकी म्हणून आठ वेळा डर्बी जिंकली आणि मग ट्रेनर होऊन पुन्हा जिंकत राहिले. रूपा सिंगने बायकांसाठी ही वाट काढली. आणि कार्ल उमरीगर, ज्याचं नाव घेताना जुनी माणसं अजून क्षणभर गप्प होतात. १९७९ मध्ये महालक्ष्मीवर घोड्यावरून पडल्यावर तो गेला, विशी गाठायच्या आत. घोड्याच्या पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस, खाली जवळजवळ पाचशे किलोचं जनावर, वेग ताशी साठ किलोमीटर. घोडा शेवटी किती मागे-पुढे आला यावर चिडून जॉकीला शिव्या घालणाऱ्याने एकदा रेलिंगला खेटून उभं राहावं आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जमीन कशी हादरते ते पायांनी ऐकावं.

या खेळात मला सगळ्यात सुंदर वाटतो तो हँडिकॅप. जिंकणाऱ्या घोड्याचं रेटिंग वाढतं, पुढच्या वेळी त्याच्या खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या वाढतात. हरणाऱ्याचं ओझं कमी होतं. सगळे घोडे एका रेषेत पोचावेत असं वजन लावणाऱ्या माणसाला वाटत असतं. तसं कधी होत नाही, पण त्यामुळेच शेवटच्या वर्गातलं, वर्षभर मागे राहिलेलं एखादं घोडंसुद्धा ओल्या दुपारी पुढे येऊन जातं. म्हणून आम्ही रविवारी पुन्हा जातो.

आम्ही म्हणजे कोण? मी वीस-बावीस वर्षं ज्यांच्या शेजारी उभी राहिले, त्यातल्या बहुतेकांची नावं मला ठाऊक नाहीत. एक दुर्बीण वापरणारे पारशी काका. एक रिक्षावाले, जे सकाळच्या ट्रॅकवर्कचे आकडे तोंडपाठ म्हणतात, कोणता घोडा शेवटचे सहाशे मीटर ३८ सेकंदांत आला आणि सहज आला की ढकलावा लागला. एक निवृत्त बाई, शाळेत गणित शिकवायच्या. भेटल्यावर कुणी "कसे आहात" विचारत नाही. "काय आवडतंय आज?" एवढंच. त्यात तब्येतपाणी सगळं आलं. दोन रविवार कुणी दिसला नाही तर तिसऱ्या रविवारी चौकशी होते. २०२० च्या मार्चमध्ये रेस बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कितीतरी जागा रिकाम्या होत्या. कुणाला विचारणार, नावंच माहीत नव्हती. "तो निळ्या टोपीवाला" असं विचारत आम्ही महिनाभर फिरलो.

पैशाबद्दल बोलायला हवं, कारण आजी दोन दिवस गप्प राहिली ती उगाच नाही. तिच्या चाळीतली दोन घरं रेसपायी बसलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. गिरणगावातल्या पगाराच्या पाकिटांची वाट महालक्ष्मीवरून जायची, आणि काही पाकिटं घरी पोचायची नाहीत. हे खोटं म्हणून चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असा निवाडा दिला, तो मला पटतो. पण कौशल्य असूनही माणूस बुडतो, हेही मी पाहिलंय. मामा दोन खिशांचा होता. उजव्या खिशात परतीच्या बसचे पैसे आणि सोमवारची भाजी, डाव्या खिशात रेस. डावा रिकामा झाला की उरलेल्या रेस तो पॅडॉकपाशी उभा राहून बघायचा, तितक्याच आनंदाने. उजव्या खिशाला त्याने कधी हात घातला नाही. मी आजही दोन खिशांचा कुडता शिवून घेते.

टोटच्या, म्हणजे क्लबच्या, खिडकीवर लावलेला पैसा एकत्र होतो, त्यातून सरकारचा आणि क्लबचा वाटा निघतो, उरलेला जिंकणाऱ्यांत वाटला जातो. क्लबच्या त्या वाट्यावर बक्षिसं चालतात, धावपट्टी राखली जाते, रेसचा सगळा पसारा उभा राहतो. घोडं पेंड खातं ते इथे. जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हा कर २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला, आणि तो क्लबच्या वाट्यावर नाही, लावलेल्या रकमेवर. लावणारा माणूस यामुळे लावायचा थांबत नाही. तो खिडकी सोडून अशा बुकीकडे जातो ज्याच्याकडे पावती नसते आणि जो धावपट्टीवरच्या गवताच्या एका काडीलाही काही देत नाही. सट्ट्यावर कर असावा, जबर असावा, यात मला वावगं वाटत नाही. पण त्याचा मार शेवटी पहाटे चारला उठून तबेला झाडणाऱ्यावर बसतो, हे कर ठरवणाऱ्यांपैकी कुणीतरी एकदा तबेल्यात येऊन बघायला हवं होतं.

महालक्ष्मीचंही तसंच. १८८३ पासूनचं ते मैदान. २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी जाणार, ९१ एकर रेसकडे राहणार. मुंबईला मोकळी जागा हवी, त्याला कोण नाही म्हणेल. माझा जीव अडकतो तो तबेल्यांत, तिथल्या लोकांत.

आणि म्हाताऱ्या घोड्यांत. सात-आठ वर्षांचा घोडा रेसमधून निघतो, आणि त्याचं आयुष्य तर पंचवीस वर्षांचं. काही पैदाशीला जातात, काही शिकाऊ स्वारांकडे. पूनावाला घराण्याच्या फार्मवरचे निवृत्त घोडे पूर्वी हाफकिन संस्थेला दिले जायचे, त्यांच्या रक्तापासून सीरम बनायचं. हे आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. करोनाच्या रांगेत दंड पुढे करताना मला पॅडॉकमधले घोडे आठवले होते. पण सगळ्याच घोड्यांच्या नशिबी असं काही नसतं. काही कुठे जातात ते विचारलं की तबेल्यात माणसं विषय बदलतात. जो खेळ घोड्यावर जगतो त्याने घोड्याच्या म्हातारपणाचा हिशेब उघड ठेवायला हवा, प्रत्येकाचा, नावानिशी.

तर त्या रविवारी आम्ही नऊ जण. सहा नंबरची घोडी, कुमैत, लहान चणीची. मागचा पाय पुढच्या ठशाच्या चांगला वीतभर पुढे पडत होता. भाव वीस-एकचा, म्हणजे कुणाला तिच्याकडून आशा नव्हती. तिचा मोतद्दार चाळिशीचा असेल, दोर एका बोटावर टांगल्यासारखा धरलेला, आणि तो तिच्याशी सारखं काहीतरी बोलत होता. मी डाव्या खिशातले शंभर काढले, पन्नास विनला, पन्नास प्लेसला.

बाराशेची रेस. ती शेवटून दुसरी होती निम्म्या अंतरापर्यंत. मग बाहेरून आली, एकेकाला मागे टाकत, आणि चौथी आली. तिसऱ्याच्या जेमतेम मानेभर मागे.

मी परत खाली गेले. पहिल्या तिघांभोवती मालक, फोटो, हात मिळवणं चाललेलं. चौथीकडे कुणी नव्हतं. तो तिला कडेने चालवत नेत होता, खोगीर उतरलेलं, पाठीवर त्याचा चौकोनी घामाचा ठसा, अंगातून वाफा निघत होत्या. बादलीतलं पाणी त्याने मानेवर ओतलं, पत्र्याच्या पट्टीने निथळवलं, मग तिचे कान एकेक करून मुठीत धरले आणि हलके दाबले. तिने मान खाली घातली.

"छान पळाली," मी कुंपणावरून म्हटलं.

त्याने वर पाहिलं. "ताई, दमलीच नाही ही. बघा ना श्वास." खरंच, नाकपुड्या केव्हाच शांत झाल्या होत्या. "बाराशे कमी पडतंय तिला. चौदाशेला लावली की बघा."

मी रेसचं पुस्तक उघडलं आणि सहा नंबरसमोर पेन्सिलीने १४०० लिहिलं.