एकादशी आणि यकृतातील हमाल

गेल्या महिन्यात आमच्या रक्ताची तपासणी झाली, तीत चरबी प्रमाणाबाहेर निघाली. मुकुंदवाडीतील आमच्या डॉक्टरांस आम्ही किंचित रोषानेच म्हणालो, "तूप आम्ही बेतानेच घेतो, आणि एकादशी तर एकही चुकवीत नाही!" ते म्हणाले, "गुरुजी, एकादशीस खाता काय?" साबूदाण्याच्या खिचडीपासून रताळ्याच्या गोड कापांपर्यंत यादी सांगता सांगताच आमचा रोष ओसरला.

स्नेह पाण्यात मिसळत नाही, हे कटाच्या आमटीवरील तवंग पाहणाऱ्या कोणाही गृहिणीस ठाऊक आहे. रक्तही बहुतांशी पाणीच. तेव्हा चरबीस वाहक हवा, आणि ते काम प्रथिने करतात. यकृताच्या पेशीत चरबीचे थेंब साठतात. कायनेसिन नामक प्रथिन मोंढ्यातील हमालाप्रमाणे ते ओढून पेशीच्या कडेकडे नेते. तेथे ती चरबी अपोलिपोप्रोटीन-बी या दुसऱ्या प्रथिनाच्या संगतीने बांधली जाऊन रक्तात रवाना होते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतावर प्रयोग केले. उपाशीपोटी अंगातील चरबी सुटून यकृताकडे लोटते. परंतु त्याच वेळी थेंबांवरील कायनेसिन कमी होते, आणि तो लोंढा रक्तात उसळत नाही, असे त्यांनी २०१७ साली दाखविले. जेवणानंतर वाढणारे इन्शुलिन या हमालांस पुन्हा कामास जुंपते, हे २०१९ साली सिद्ध केले.

वाहक बिघडले की रोग आलाच. चरबीचा भार भरून देणारे प्रथिन जन्मतःच निकामी असेल, तर मुलास स्निग्ध अन्न पचत नाही, 'अ' आणि 'ई' जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. पुढे डोळे व मज्जातंतू क्षीण होतात. उलट रक्तात चरबी फार साचली, तर धमन्यांस व स्वादुपिंडास धोका.

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आम्ही वर्गात कितीदा तरी समजावून सांगितली. स्वतःस मात्र लावून पाहिली नाही. साबूदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तो पोटात जाताच इन्शुलिन वाढते. यकृताच्या लेखी तो उपास नव्हेच, आणि गरजेहून अधिक पिष्टाची तेथे चरबीच होते.

असो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आम्ही नेमाने घेत आहो, आणि येत्या एकादशीस खिचडीस रजा आहे. मधुमेही वाचकांनी मात्र आमचे अनुकरण न करता उपासापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे. व्रताचे पुण्य चित्रगुप्त लिहीत असेल. फराळाचा जमाखर्च यकृत ठेवते, आणि त्यात खाडाखोड चालत नाही.