ठेवा जपताना : न दिसणारा एरियल

जुन्या गाडीच्या मडगार्डला भोक पाडण्यास दोन मिनिटे पुरतात. ते बुजवून पत्रा मूळ गोलाईत आणण्यास आणि रंगाशी रंग जुळवण्यास मात्र आठवडे जातात, आणि जाणत्या नजरेला ते तरीही दिसतेच. म्हणूनच आजोबांच्या काळातील मालट्रक दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या कुटुंबात इंजिन, ब्रेक आणि टायर यांवर चटकन एकमत होते. रेडिओचा विषय निघाला की मात्र एरियलपाशी घोडे अडते. तरुणांना प्रवासात बातम्या आणि गाणी हवी असतात, वडीलधाऱ्यांना मूळ पत्र्याला धक्का नको असतो. दोन्ही बाजू रास्त आहेत, आणि दोहोंचे समाधान करणारी वाट उपलब्धही आहे. तिचे नाव लपलेला एरियल.

मुंबई इलाख्यातील व्यापारी पेढ्यांकडे अमेरिकन मालगाड्या आल्या त्यामागे इतिहास आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. शेवरोले गाड्या तेथूनच बाहेर पडत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज गाड्यांची जुळणी केली. धान्य, कापूस आणि किराणा वाहून नेणाऱ्या या गाड्यांपैकी काही आजही गोदामांच्या मागे उभ्या आहेत. येथे उदाहरणादाखल १९४७ ते १९५४ या काळातील अर्ध्या टनाची शेवरोले पिकअप घेतली आहे; सांगितलेले तत्त्व इतर गाड्यांनाही लागू पडते.

एरियल लपवणे ही आजची हौस नव्हे. १९३० च्या सुमारास मोटारीत रेडिओ आला तेव्हा पुष्कळ गाड्यांच्या टपाचा मधला भाग कापडी असे आणि त्याच्या आत तारेची जाळी बसवली की एरियल तयार होई. १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने सबंध पोलादी टप आणला आणि ती जाळी निरुपयोगी ठरली, कारण पोलाद रेडिओलहरी अडवते. तेव्हा कारागिरांनी एरियल फूटबोर्डच्या खाली नेला. पुढे बाहेर उभी राहणारी धातूची काठी रूढ झाली. १९७० च्या दशकात त्याच कंपनीच्या अनेक गाड्यांत समोरच्या काचेतच केसासारखी बारीक तार घातलेली असे. आज एरियल लपवणारा माणूस त्यामुळे जुनीच युक्ती नव्याने वापरत असतो.

जागा निवडण्यापूर्वी थोडे गणित ध्यानी घ्यावे. एफएम प्रक्षेपण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. १०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३ मीटर भरते आणि तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर होतो. मोटारीच्या काठीची उंची साधारण एवढीच का असते, याचे उत्तर या हिशेबात आहे. लपवलेली तारही शक्य तो तेवढीच आणि सरळ ठेवावी. गुंडाळी करून कोपऱ्यात कोंबलेली तार लांबीला पुरेशी असूनही कामाला तोकडी पडते. मध्यम लहरींची गोष्ट निराळी. त्यांची लांबी सुमारे १९० ते ५६५ मीटर असल्याने गाडीवरील कोणताही एरियल त्यांच्यापुढे इवलासाच ठरतो. तेथे एरियलपासून रेडिओपर्यंतची केबल आखूड असणे महत्त्वाचे, कारण लांब केबल आधीच क्षीण असलेला संदेश वाटेतच गिळते. घरातील टीव्हीची उरलेली केबल जोडून चालत नाही. मोटार रेडिओसाठी बनवलेलीच केबल घ्यावी.

आता जागांचा विचार करू. डॅशबोर्डची आतली बाजू सर्वांत सोपी आणि सर्वांत निकस, कारण तेथे चहूबाजूंनी पत्रा असतो. फूटबोर्डखालची जागा इतिहासाशी इमान राखणारी आहे. तेथे तार पत्र्यापासून काही सेंटिमीटर अंतरावर, विद्युतरोधक आधारांवर ताणून बसवावी आणि आधार मूळ बोल्टांवरच अडकवावेत. रेडिओ जवळ असल्याने केबल आखूड राहते. मात्र चिखल, पाणी आणि खडी यांचा मारा सोसावा लागतो. पावसाळा संपला की सांधे तपासणे ओघाने आलेच.

हौद्याखालची जागाही विचारात घेण्याजोगी आहे. या पिकअपच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असून फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या असतात. लाकूड लहरींना अडवत नाही, म्हणून एकाच फळीच्या खालून लांबीच्या दिशेने तार नेता येते. पट्ट्या, आडवे लोखंडी आधार, सायलेन्सर आणि मागील आसाची उसळी यांपासून ती दूर हवी. केबल लांबत असल्याने ही जागा एफएमला बरी, मध्यम लहरींना बेताची.

चौथी जागा समोरच्या काचेची कड. १९५३ पर्यंतच्या शेवरोले ट्रकला मधोमध पट्टी असलेली दोन भागांची काच असे. १९५४ साली ती एकसंध झाली. काचेच्या आतील कडेने, रबराच्या ओळीला धरून बारीक तार नेली तर ती सहसा नजरेस येत नाही आणि एफएमसाठी ही जागा बहुधा सर्वांत चांगली ठरते. कोणतीही जागा कायम करण्याआधी तार कागदी चिकटपट्टीने तात्पुरती लावावी आणि नेहमीच्या रस्त्यावर गाडी फिरवून पाहावी. एक संध्याकाळ खर्ची पडते, पण पुढचा पश्चात्ताप वाचतो.

विजेच्या जोडणीत घाई नको. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. या पिढीच्या बऱ्याच ट्रकांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागेच असते, हे विसरू नये. नंतर केबलचे बाहेरचे जाळीदार कवच गाडीच्या धातूला पक्के जोडावे. रंगावर किंवा गंजावर कसलेला स्क्रू ही जोडणी नव्हे. तेथे वाटाण्याएवढी जागा घासून उघडी करावी, आणि ती आधीपासून असलेल्या बोल्टखाली झाकली जाईल अशी निवडावी. जोडणी झाल्यावर मीटरने तीन गोष्टी पाहाव्यात. मधली तार एरियलपर्यंत अखंड असावी, मधली तार व कवच यांचा परस्परांशी संपर्क नसावा आणि कवच व गाडीचे अंग यांमधील रोध जवळजवळ शून्य असावा.

बाजारात विजेवर चालणारे, संदेश वाढवणारे छोटे एरियल मिळतात. ते बहुधा १२ व्होल्ट आणि ऋण अर्थिंगसाठी बनवलेले असतात. १९५४ पर्यंतच्या शेवरोलेत मूळ बॅटरी ६ व्होल्टची, तर त्या काळातील डॉज गाड्यांत ६ व्होल्ट आणि धन अर्थिंग असे. बॅटरी पुढे कोणी बदलली आहे का, हे पाहिल्याशिवाय असे उपकरण जोडल्यास ते जळते. शिवाय वाढवणारे यंत्र संदेशासोबत खरखरही वाढवते. चांगल्या जागेला तो पर्याय नव्हे. फार तर आधार.

खरखरीचे मूळ शोधण्याची साधी रीत आहे. इंजिन सुरू करून ऐकावे. वेगाबरोबर तडतड वाढली तर दोष प्लग, त्यांच्या वायरी किंवा कॉइल यांत. बारीक शीळ ऐकू आली तर डायनॅमोत. मग रेडिओतून एरियलची केबल उपसावी. आवाज थांबला तर तो एरियलमार्गे येत होता. तसाच राहिला तर तो विजेच्या तारेतून येत आहे. पहिल्या प्रकारात रोधकयुक्त प्लग आणि बोनेट व केबिन यांना जोडणारी विणलेली पट्टी उपयोगी पडते; दुसऱ्यात डायनॅमोपाशी योग्य कंडेन्सर. डिझेल इंजिनाला प्लगची ठिणगीच नसल्याने तेथे तडतड नसते, शीळ मात्र असू शकते. मूळचा जुना रेडिओ असल्यास १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावून त्याचा एरियल ट्रिमर हलक्या हाताने जुळवावा. एरियल बदलला की हे करावेच लागते.

एवढे करूनही लपलेला एरियल बाहेरच्या काठीची बरोबरी क्वचितच करतो, हे मान्य करूनच काम हाती घ्यावे. शहरापासून दूर केंद्रे आधी विरतील. ज्या गाडीला मूळचेच एरियलचे भोक आहे तिच्यावर लपवाछपवीचे कारणच नाही. त्या काळची काठी शोधून तेथेच बसवणे अधिक प्रामाणिक होय.

कायद्याचाही विचार करावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. मात्र चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. एका भोकाने नोंदणी नाकारली जाईल असे नव्हे. परंतु आज एरियल, उद्या दिवे, परवा आसने अशी पायरीपायरीने मूळ वस्तू हातची जाते, आणि नेमकी कोणत्या दिवशी गेली हे घरातील कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून केलेल्या कामाची टीप लिहून ठेवावी. तार कोठे आहे, केबल कोणत्या वाटेने गेली, फ्यूज किती अँपिअरचा, कोणते मूळ भाग काढले आणि ते कोठे ठेवले, हे तारखेसह एका कागदावर उतरवून तो गाडीच्या कागदपत्रांत लावावा. उद्या गाडी पुतण्याच्या हाती जावो किंवा परक्या ग्राहकाच्या, तो कागद तिच्यासोबत जावा. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट घेणाऱ्यापासून दडवायची नसते, हा पेढीवरचा नियम गोदामातल्या ट्रकलाही लागू आहे.